रोहूवरची ऊ, लाल चट्टे आणि ‘जीन सुधारणारी’ पावडर

प्रश्न (इंदापूर तालुक्यातील शेततळेधारक): थंडीत रोहूच्या परांच्या बुडाशी लाल चट्टे येतात, अंगावर ऊ दिसते. एक विक्रेता म्हणतो, या पावडरीने माशांचे जीन सुधारतात. घ्यावी का?

उत्तर: घेऊ नका. खाद्यातल्या पावडरीने जनुक बदलत नाहीत, आणि रोगाशी लढणारे जनुक तुमच्या रोहूत जन्मापासूनच आहेत. टीएलआर-5 या जनुकापासून पेशीवर एक राखणदार बसतो. हे चट्टे आणणाऱ्या एरोमोनास जिवाणूची शेपटी लागली की तो ओळखतो आणि निरोप आत धाडतो. मायडी-88 नावाचे प्रथिन तो पुढे नेते, मग एनएफ-कप्पा-बी हे जनुक चालू करणारे प्रथिन जागे होते आणि इंटरल्युकिन ही सूज आणणारी निरोपी प्रथिने तयार होतात. टीएलआर-22 हा राखणदार तर माशांत आहे, माणसात नाही! सॉक्स (SOCS) नावाचे जनुक या साखळीला लगाम घालतात, नाहीतर सूजच माशाला मारेल.

मासा थंड रक्ताचा. पाणी गार झाले की ही सगळी साखळी मंदावते. त्यात दाटी आणि पहाटे कमी झालेला प्राणवायू यांनी माशावर ताण येतो, कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि निरोप आणखी दबतो. डिसेंबरात चट्टे येतात ते म्हणूनच.

मासा हातात घेऊन उजेडात तिरपा धरा. मसुरीच्या डाळीएवढी, चपटी, पारदर्शक ऊ खवल्यांवर सरकताना दिसेल. तिने केलेल्या जखमेतून जिवाणू शिरतात, म्हणून आधी ऊ घालवा. ती कठीण पृष्ठभागावर अंडी घालते. तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या करा, दर चार-पाच दिवसांनी बाहेर काढून कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा लावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण नेटाने करा.

प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. गारठ्यात खाद्य कमी करा. चुना सामू तपासूनच टाका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानला हात लावू नका, मत्स्यपालनात त्यांना बंदी आहे.

जनुकांचा फायदा हवा असेल तर तो बीज निवडताना मिळतो. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या संशोधन संस्थेने 1992 पासून निवड पद्धतीने पैदास करून ‘जयंती’ रोहू 1997 मध्ये आणला. ती निवड मुख्यतः वाढीसाठी होती, त्यामुळे जयंतीलाही ऊ लागते. पुढच्या जूनमध्ये बोटुकली घेताना पिशवी उजेडात धरा आणि अंगावर ऊ दिसली तर ते बीज तिथेच परत करा.