डायनोवर पिस्टन गेला, आता भरपाई कोणाकडून?

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या स्पोर्ट्स कारला मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र), जास्त क्षमतेचे इंजेक्टर (इंधन फवारणारे पार्ट) आणि नवा फ्युएल पंप एका गॅरेजने बसवला. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्यातला इंधन आणि ठिणगीचा 'मॅप' बदलायला (रीमॅप) गाडी दुसऱ्या ट्यूनरकडे गेली आणि डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणारं यंत्र) फुल थ्रॉटलचा रन चालू असताना इंजिन खडखडलं, निळा धूर आला. ट्यूनर म्हणतो पंप कमी पडला, गॅरेजवाला म्हणतो मॅप चुकला. ट्यूनर पूर्ण बिलासाठी गाडी अडवून बसलाय आणि 'इंजिन उघडून बघतो' म्हणतोय. शिवाय 'सर्व जोखीम मालकाची' या कागदावर तुमची सही आहे.

सगळ्यात आधी एक काम करा. इंजिन त्याला एकट्याला उघडू देऊ नका. आजच ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कळवा, की ट्यूनर, गॅरेजवाला आणि तुम्ही नेमलेला स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअर यांच्या समोरच इंजिन उघडलं जाईल, त्याचं चित्रीकरण होईल आणि काढलेले पार्ट सह्या करून सीलबंद होतील. वितळलेला पिस्टन आणि रिंगजवळ तडकलेला पिस्टन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. तो पार्ट एकदा भंगारात गेला की तुमच्या हातात नुसता आरोप उरतो.

दुसरी मागणी त्याच पत्रात करा: प्रत्येक रनचे मूळ डेटा लॉग आणि त्या वेळी ईसीयूत असलेली मॅप फाइल. प्रिंटआउट नको, मूळ फाइल हवी. या वादाचा निकाल बहुतेक याच लॉगवर लागेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग इंधन लागतं, त्याला लॅम्डा १ म्हणतात. टर्बोच्या पूर्ण बूस्टवर, म्हणजे हवेच्या पूर्ण दाबावर, मिश्रण याहून बरंच घट्ट, लॅम्डा ०.८च्या आसपास ठेवतात, म्हणजे तापमान आणि नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रणाचा अवेळी भडका) आटोक्यात राहतं. आता समजा लॉगमध्ये आरपीएम चढताना फ्युएल प्रेशर घसरतंय, लॅम्डा ०.८ वरून ०.९५ कडे सरकतोय म्हणजे मिश्रण पातळ होतंय, नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे खेचतोय आणि तरीही रन चालूच ठेवलाय. मग पंप कमी पडला हे ट्यूनरचं म्हणणं खरं धरलं, तरी तो सुटत नाही. हे आकडे डोळ्यांसमोर असताना थ्रॉटल सोडणं हेच त्याचं कौशल्य, त्याचेच पैसे तो घेतो. पंप किंवा वायरिंग सदोष निघालं तर गॅरेजवालाही जबाबदार धरता येईल, म्हणून दोघांनाही पक्षकार करा. उलट लॅम्डा स्थिर आणि टायमिंग बेताचं दिसलं, तर तुमची बाजू लंगडी आहे हे आत्ताच ऐकून ठेवा. मग प्रश्न उरेल तो एवढाच, की रनआधी त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं होतं का.

फाइल मिळाल्या की जशाच्या तशा जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) लिहावी लागते.

त्या सहीने फार घाबरू नका. गाडी ताब्यात घेणाऱ्याने ती सर्वसाधारण समंजस माणूस स्वतःची वस्तू जपेल तशी जपली पाहिजे, असं करार कायदा, १८७२ चं कलम १५१ सांगतं. वाढीव ताकदीमुळे इंजिनला असलेली जोखीम तुम्ही स्वीकारलीत. ट्यूनरच्या निष्काळजीपणाला तुम्ही संमती दिलीत असा त्याचा अर्थ मी तरी होऊ देणार नाही.

पण एक मला खरं सांगा. इंजिन आधीपासून तेल खात होतं का? इंजेक्टर वापरलेले होते का? तुम्हाला ठाऊक असलेला दोष तुम्ही लपवला असेल, तर त्याच करार कायद्याचं कलम १५० तुमच्याच अंगावर येतं.

बिलाबद्दल: ज्या वस्तूवर कौशल्याचं काम केलं, ती मोबदला मिळेपर्यंत अडवण्याचा हक्क करार कायद्याचं कलम १७० देतं. पण वस्तू ज्या कामासाठी दिली ते काम झालेलं असावं लागतं. अर्धवट ट्यूनिंगचं पूर्ण बिल या हक्कात बसत नाही असं आपण म्हणू. तरीही गाडी महिनोन् महिने अडकण्यापेक्षा संयुक्त तपासणी उरकून, 'हक्क अबाधित ठेवून' असं लिहून रक्कम भरा आणि गाडी बाहेर काढा.

गाडी खासगी वापराची असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तज्ज्ञाचा अहवाल सोबत नसेल तर इतकी तांत्रिक तक्रार टिकणं कठीण.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारी बाब. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांचा उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी मेळ तुटेल असे बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२ए खाली बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. समोरचा वकील हा मुद्दा काढणारच: बदल बेकायदा, म्हणून करारच रद्दबातल. त्यामुळे 'ठरलेली हॉर्सपॉवर मिळाली नाही' अशी मागणी चुकूनही करू नका. ताब्यात दिलेल्या गाडीचं निष्काळजीपणाने झालेलं नुकसान, एवढ्यावरच दावा उभा करा. आणि दुरुस्तीनंतर हेच पार्ट लावून गाडी रस्त्यावर आणू नका.

विम्याकडून फार अपेक्षा नको, यांत्रिक बिघाड सर्वसाधारण मोटार पॉलिसीत वगळलेलाच असतो. तरी बदल विमा कंपनीला कळवले नसतील तर ते आता कळवा.

पार्टची बिलं, जॉबकार्ड, त्या सहीच्या कागदाची प्रत आणि ट्यूनरशी झालेले सगळे मेसेज तारखेनुसार लावून पाठवा. त्यावरून दोघांनाही द्यायच्या नोटिशीचा मसुदा करू.