‘आक्रमकता 50 टक्के आनुवंशिक’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे : “‘जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते की मुलांमधली आक्रमकता 50 टक्के आनुवंशिक असते’ असे एक वाक्य वाचले. म्हणजे माझ्या मुलाचा निम्मा राग आमच्या घराण्यातून आला असे समजायचे का? ‘आनुवंशिक’ऐवजी ‘जन्मजात’ किंवा ‘उपजत’ चालेल का? आणि शुद्ध काय, ‘अनुवंशिक’ की ‘आनुवंशिक’?”

‘आनुवंशिक’ हा शब्द बरोबर आहे, पण तो भलत्याच नामाला जोडला गेला आहे. ते 50 टक्के आक्रमकतेचे नाहीत. एखाद्या समाजातली मुले आक्रमकतेच्या बाबतीत एकमेकांपासून जितकी वेगळी असतात, त्या वेगळेपणाचे आहेत. वाक्यातून ‘फरक’ हा शब्द गळला आणि अर्थ उलटापालटा झाला.

हा आकडा कसा काढतात ते पाहिले की गोष्ट उलगडते. एकयुग्मजी जुळी एकाच फलित अंड्यापासून होतात, त्यामुळे त्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. द्वियुग्मजी जुळी दोन वेगळ्या फलित अंड्यांपासून होतात, त्यामुळे ती मात्र एरवीच्या सख्ख्या भावंडांइतकीच सारखी. माणसामाणसांत जी जनुके वेगळी असतात, त्यांतली सरासरी निम्मी त्यांच्यात सामाईक असतात. दोन्ही प्रकारच्या पुष्कळ जोड्यांबद्दल पालक किंवा शिक्षक प्रश्नावली भरतात : मारतो का, चावतो का, ढकलतो का, धमकावतो का. मग जोडीतल्या एकाला प्रश्नावलीत मिळालेले गुण दुसऱ्याच्या गुणांशी किती जुळतात ते मोजतात. या जुळण्याला सहसंबंध म्हणतात : 1 म्हणजे पूर्ण जुळणे, 0 म्हणजे काहीच संबंध नसणे. समजा, एकयुग्मजी जोड्यांत हा सहसंबंध 0.70 आला आणि द्वियुग्मजी जोड्यांत 0.45 (हे आकडे केवळ उदाहरणापुरते). दोघांतले अंतर 0.25. जनुकांच्या साम्यात निम्म्याचाच फरक आहे, म्हणून त्याची दुप्पट करायची : 0.50. हा झाला आनुवंशिक वाटा. 0.70 मधून तो वजा केला की उरलेले 0.20 दोघांच्या सामाईक परिस्थितीचे, आणि 1 मधून 0.70 गेल्यावर उरणारे 0.30 ज्याच्या त्याच्या वेगळ्या परिस्थितीचे. मोजमापातल्या चुकाही याच शेवटच्या खात्यात जमा होतात.

या सगळ्या गणितात कुठल्याही एका मुलाचा हिशेब कुठेच येत नाही. म्हणून ‘माझ्या मुलाचा निम्मा राग’ असे वाक्य त्यातून निघूच शकत नाही. शिवाय सगळ्या मुलांना सारखीच परिस्थिती मिळाली, तर उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा आपोआप वाढतो. समाज बदलला की टक्काही बदलतो.

आता ‘जन्मजात’. हा शब्द इथे नको. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो. तो जन्मजात, पण आनुवंशिक नव्हे. उलट हंटिंग्टनचा आजार (मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा) आनुवंशिक, पण बहुधा तिशी-चाळिशीत प्रकट होतो. ‘उपजत’ तर आणखी वेगळे. दोन-तीन वर्षांची बहुतेक सगळीच मुले हात उगारतात, ओरबाडतात. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी हे ठासून मांडले आहे की शारीरिक आक्रमकता याच वयात सर्वांत जास्त असते आणि पुढे मुले ती आवरायला शिकतात. तेव्हा मारणे उपजत म्हणता येईल, पण एक मूल दुसऱ्यापेक्षा जास्त का मारते, हा निराळाच प्रश्न आहे. जुळ्यांचे अभ्यास या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतात.

‘राग’ आणि ‘आक्रमकता’ यांचीही गल्लत होते. तापट मूल आणि मारकुटे मूल एकच असेल असे नाही. ‘मारकुटा’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण तो स्वभावाचे निदान न करता वागणे सांगतो, आणि प्रश्नावल्याही वागणेच विचारतात. शारीरिक आणि सामाजिक आक्रमकता वेगळी काढली की आकडेही वेगळे येतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या सहा वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासात शारीरिक आक्रमकतेतल्या फरकांत आनुवंशिक वाटा निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त निघाला. चुगल्या करणे, एखाद्याला खेळात न घेणे अशा आक्रमकतेत तो साधारण 20 टक्केच होता. म्हणजे नुसते ‘आक्रमकता’ लिहूनही भागत नाही, कोणती ते सांगायला हवे.

एका शब्दाबद्दल विचारलेले नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही : ‘वातावरण’. ‘घरचे वातावरण’ म्हटले की ते घरातल्या सगळ्यांना एकच असे आपण धरतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हणही सहवासाचा तेवढाच परिणाम सांगते. पण एकाच घरात दोन भावंडांच्या वाट्याला दोन घरे येऊ शकतात. इंग्लंड-वेल्समध्ये 1994-95 साली जन्मलेल्या जुळ्यांच्या अभ्यासात एकयुग्मजी जोड्या पाहिल्या गेल्या. आई ज्याच्याबद्दल जास्त नकारात्मक बोलत होती, त्याचे वागणे शिक्षकांच्या नोंदींत जास्त त्रासदायक दिसले. जनुके तीच, घर तेच, तरी फरक. म्हणून मी ‘सामाईक परिस्थिती’ आणि ‘ज्याची त्याची परिस्थिती’ असे दोन शब्दप्रयोग वापरतो. ‘पर्यावरण’ तर इथे मुळीच नको, त्याने झाडे आणि प्रदूषणच डोळ्यांपुढे येते.

मूळ वाक्य मी असे लिहीन : ‘मुलामुलांच्या आक्रमकतेत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा त्यांच्या जनुकांतल्या फरकांशी निगडित असतो, असे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते.’ लांबते खरे, पण कुठल्या आईबापाला उगाच अपराधी वाटणार नाही.

शुद्धलेखनाचे उत्तर सोपे आहे. ‘अनुवंश’ला ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते (‘अ’चा ‘आ’ होतो), अनुषंगावरून आनुषंगिक होते तशी. म्हणून ‘आनुवंशिक’.