मुलगी दुसरीत असेल तर तुमचं वय सोडा, तिचं मोजा

इंदिरानगरच्या ताई, तुम्ही विचारलंय की वय ३९, अंबडला कंपनीत क्वालिटीमध्ये चौदा वर्षं झाली, मुलगी दुसरीत, आणि आता जर्मनीत जाऊन मास्टर्स करायचंय, तर फार उशीर झालाय का, एकटं वाटतं का, आणि घरच्यांना कसं सांगायचं. परवा रात्री वाचलं आणि दोनदा उत्तर टाइप करून पुसलं, कारण मी पण नाशिकचीच, सिडकोत वाढलेली, २०२२ ला ३८ व्या वर्षी न्युरेंबर्गला आले, नवरा आणि मुलगा मागून आले, आणि तुमचा प्रश्न अगदी माझा होता तेव्हाचा.

ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) किती पैसे, एपीएस (आपल्या डिग्रीच्या कागदांची पडताळणी) कसं करायचं, व्हिसाची अपॉइंटमेंट, हे मी लिहीत नाही, सगळं वेबसाइटवर नीट दिलंय आणि आकडे बदलत राहतात. जे तिथे कुणी ठळक लिहीत नाही तेवढं सांगते.

पहिलं म्हणजे मार्क. मला बीईला ६४ टक्के होते, २००६ साली, फर्स्ट क्लास, घरी पेढे वाटले होते. इथे त्याचं एका फॉर्म्युलाने रूपांतर करतात, १ म्हणजे सर्वात चांगलं आणि ४ म्हणजे काठावर पास, त्यात माझे ६४ टक्के झाले २.८. बऱ्याच कोर्सना २.५ च्या आत लागतं, म्हणजे पासिंग ४० धरलं तर आपले ७० टक्के. तेव्हा आधी कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि मग युनिव्हर्सिट्यांची यादी करा, मी उलटं केलं आणि सहा महिने घालवले. अनुभवाचे मार्क काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी अजिबात नाही, ते प्रत्येक कोर्सच्या नियमात असतं, ते पीडीएफ जर्मनमध्ये असलं तरी वाचाच.

दुसरं इन्शुरन्स, आणि हे तिशीच्या पुढच्यांनी पाठच करून ठेवा. इथला स्टुडंटचा स्वस्त सरकारी हेल्थ इन्शुरन्स तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. एजंट लोक पंचविशीतल्या पोरांना सांगतात तेच आपल्याला सांगतात. मला प्रायव्हेट घ्यावा लागला आणि प्रायव्हेटमध्ये प्रत्येक माणसाचा वेगळा हप्ता, म्हणजे तिघांचे तीन. पुढे नवऱ्याला गोडाउनमध्ये कायमची नोकरी लागली (पुण्यात प्रॉडक्शन मॅनेजर होता तो, इथे स्कॅनर घेऊन खोकी मोजली दीड वर्ष, एकदाही बोलून दाखवलं नाही) तेव्हा तो सरकारी इन्शुरन्समध्ये गेला आणि आम्ही दोघं त्याच्या नावावर आलो, तेव्हा कुठे श्वास घेतला.

अभ्यास जमतो ताई. खरंच जमतो. पहिला महिना हात दुखायचा कारण पंधरा वर्षांत पेनाने दोन पानं सलग लिहिली नव्हती, आणि गणिताचं सगळं उडून गेलेलं, मी रात्री बारावीची इंटिग्रेशन परत केली. पण बाजूला बसलेली तेवीस वर्षांची मुलं ज्या गोष्टी स्लाइडवर पहिल्यांदा बघत होती त्या मी सातपूरला शॉप फ्लोअरवर हाताने केल्या होत्या, लॉट रिजेक्ट झाल्यावर कस्टमरच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे प्रोफेसरने विचारलं हे प्रत्यक्षात का फसतं, तर उत्तर माझ्याकडेच असायचं. पहिल्या सेमिस्टरला एका विषयात १.३ आला. वयाची भीती काढून टाका, ती भीती बाहेरच्यांची जास्त आहे.

घरच्यांना कसं सांगायचं म्हणालात. आपलं नाशिक म्हणजे मुक्त विद्यापीठाचं गाव हो, १९८९ पासून किती बायका चाळिशीत पन्नाशीत तिथून पदवीधर झाल्या. माझी आई त्यातलीच. शिवणकाम करून, रविवारी अभ्यासकेंद्रावर जाऊन तिने बीए केलं आणि शेवटचं वर्ष आलं नेमकं माझ्या दहावीला. मी तिला म्हटलं होतं, या वयात काय कलेक्टर होणारेस का, माझी दहावी आहे इथे. ती काही बोलली नाही, मशीनवर पुस्तक उघडं ठेवून काम करत राहिली. ते वाक्य आता रोज आठवतं मला, का ते पुढे लिहिते.

मुलीची शाळा. ताई, तुमच्या पूर्ण प्रश्नात तिच्यावर अर्धी ओळ आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिचाच आहे.

इथे बव्हेरियात, म्हणजे न्युरेंबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. मे महिन्यात एक सर्टिफिकेट देतात, त्यात जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, तिघांची सरासरी. २.३३ पर्यंत आली तर गिम्नाझियुम, म्हणजे सरळ युनिव्हर्सिटीची वाट, २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे मधली वाट, त्याच्या पुढे मिटेलशूले, म्हणजे तिन्हींतली खालची. दहा वर्षांच्या पोराचं हे. इतर राज्यांत नियम थोडे वेगळे, बर्लिनमध्ये सहावीनंतर होतं, म्हणून शहर निवडताना युनिव्हर्सिटीचं रँकिंग बघायच्या आधी हे बघा.

माझा मुलगा मार्च २०२३ मध्ये आला, तिसरी अर्धी संपलेली. नाशिकला वर्गात पहिल्या तिनात असायचा. इथे गणितात हुशार, पण गणिताचा पेपर म्हणजे पण परिच्छेदच असतात, आधी जर्मन कळायला हवं. चौथीच्या टेस्ट ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत चालतात आणि नेमके तेच माझे तिसरं सेमिस्टर, परीक्षा आणि थिसिसचा विषय मिळवायचे दिवस. तो स्वयंपाकघरात टेबलाच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, तो विचारायचा आई हा शब्द काय आहे, आणि मी म्हणायचे मोबाइलवर बघ रे राजा, दोन मिनिटं थांब. गणित २, परिसर ३, जर्मन ४. सरासरी ३. मिटेलशूले.

आणि वर्षभराने एका तुर्की बाईकडून कळलं की जी मुलं पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती त्यांच्यासाठी सवलत आहे, मार्क जर्मन भाषेमुळे कमी असतील आणि ती कमतरता भरून निघण्यासारखी असेल तर ३.३३ पर्यंत सुद्धा गिम्नाझियुमला योग्य ठरवता येतं. ३.३३! आमची ३.०० होती. शाळेत पालकसभेला बोलावलं होतं, बाई छान हसून बोलल्या, चहा कॉफी झाली, हे कुणी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही, कारण मी ज्या कोर्सला होते त्याचे नियम मला कलमासकट पाठ होते पण त्याच्या शाळेचे मी वाचलेच नव्हते. याचा राग अजून जात नाही. शाळेवरचा की माझ्यावरचा ते मला वेगळं करता येत नाही.

वाट बंद नाहीये, हे पण सांगते. सातवीपासून चांगल्या मार्कांवर वरचा वर्ग मिळतो, दहावीनंतर पुढे युनिव्हर्सिटीपर्यंत जाता येतं, तो आता सहावीत आहे आणि फुटबॉलमुळे मित्र भरपूर आहेत. पण शेजारच्या बिल्डिंगमधला त्याचा दोस्त गिम्नाझियुमला जातो आणि सकाळी दोघं दोन वेगवेगळ्या ट्राममध्ये चढतात, ते मी खिडकीतून बघते.

एकटेपणाचं विचारलंत. एकटं वाटतं, मग सवय होते. पण त्याबद्दल एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, नवऱ्याला पण नाही.

पहिले पाच महिने मी इथे एकटी होते आणि मी सुखात होते. १४ स्क्वेअर मीटरची खोली, कुणाचा डबा नाही, कुणाचा युनिफॉर्म नाही, खिचडी लावायची आणि रात्री अकरापर्यंत लायब्ररीत. लग्नानंतर पहिल्यांदा दिवस माझा होता. तो १.३ त्याच दिवसांतला. आणि त्याच दिवसांत मुलाच्या जन्मदाखल्याचं काम अडलं होतं. दाखल्यावर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, दाखल्यावर नाशिकचं स्पेलिंग 'एच' शिवाय आणि पासपोर्टवर 'एच' घालून. त्यात आपला अपोस्टील शिक्का (कागद परदेशात चालावा म्हणून सरकार मारतं तो) जर्मनी मान्य करत नाही, इथली ऑफिसं कागद भारतात पडताळून मागवतात, त्याला महिने जातात. नवरा एका ऑफिसात चार चकरा मारून आला, दर वेळी वेगळं उत्तर. शेवटी त्यांना माझं सही केलेलं पत्र आणि पासपोर्टची साक्षांकित प्रत पाहिजे होती. मला फक्त म्युनिकला आपल्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट घ्यायची होती. मी नोव्हेंबरात घेऊ शकले असते. जानेवारीत घेतली. नवऱ्याला सांगितलं की तारखा मिळत नाहीयेत. तारखा होत्या.

दोन महिने. तेवढ्याने त्याचा ४ चा ३ झाला असता का, कुणी सांगू शकणार नाही. मला माहीत आहे की मी ते दोन महिने स्वतःसाठी ठेवून घेतले, आणि तेव्हा ते मला हवे होते. परत तशी वेळ आली तर काय करेन हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आईला फोनवर सांगावंसं वाटतं, तिलाच कळेल असं वाटतं, पण मग मशीनवरचं ते उघडं पुस्तक डोळ्यासमोर येतं आणि मी द्राक्षं कशी आहेत यंदा, रंगपंचमीला रहाड (आपला रंगाचा जुना हौद) उघडली का, असलंच काहीतरी विचारते.

तर ताई, जरूर या. तुमची मुलगी दुसरीत आहे म्हणजे अजून हातात वेळ आहे. बव्हेरियात येणार असाल तर सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं आणि शाळा सप्टेंबरला, शक्यतो तिला सोबतच आणा, मागून नको. तिचा जर्मनचा क्लास तुमच्या क्लासबरोबरच सुरू करा. आणि उद्या कपाटातून तिचा जन्मदाखला काढून तुमचं नाव, तिच्या बाबांचं नाव आणि नाशिकचं स्पेलिंग पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा. काही वेगळं दिसलं तर मला लिहा, कुठला कागद आधी करायचा ते मला आता चांगलं माहीत आहे.