सगळे देसाई एकाच घराण्याचे का?

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका वाचकानं विचारलंय : 'आमच्या गल्लीत मराठा देसाई आहेत, चार घरं सोडून लिंगायत देसाई आहेत, आणि पंतप्रधान झालेले मोरारजीही देसाईच. मूळ घराणं एकच का? आणि हा शब्द मराठी की कन्नड?'

घराणं एक नाही, हुद्दा एक. गावाला पाटील, तसा परगण्याला देसाई. काम वसुलीचं, वतन वंशपरंपरेचं. घाटावर महाराष्ट्रात त्यालाच देशमुख म्हणत. आपल्याकडं, कोकणात आणि गुजरातेत देसाई. दप्तर सांभाळायला जोडीला देशपांडे. कन्नडमधला नाडगौडाही त्याच जातकुळीचा शब्द, कारण 'नाडु' म्हणजे देशच. ज्याच्याकडं वतन, त्याला हे नाव लागलं, मग तो मराठा असो, लिंगायत असो, ब्राह्मण असो की जैन.

शब्दाचं मूळ 'देशस्वामी' असं सांगतात आणि मला ते पटतं. गोस्वामीचा गोसावी आणि गोसाई झाला, त्याच वाटेनं हा आला. म्हणजे मूळ संस्कृत-प्राकृत. पण वाढला तो दोन्ही भाषांत. कन्नडमध्ये 'देसायि' लिहितात, त्याच्या वतनाला 'देसगति' म्हणतात. जुन्या मराठी कागदांत तीच 'देसगत'. आपण वाडा म्हणतो, तिकडं 'वाडे'. भाषेवरून इतकं भांडण झालेल्या या मुलखात एकाच घराविषयी दोन शेजारी दोन भाषांत बोलतात आणि शब्द तेच वापरतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या जिल्ह्यातली सगळ्यांत नावाजलेली देसगत कित्तूरची. राणी चन्नम्मा बेळगावजवळच्या काकतीच्या देसायांची लेक आणि कित्तूरच्या मल्लसर्ज देसायांची राणी. कित्तूरचा वारस निपुत्रिक गेला आणि कंपनी सरकारनं दत्तक नाकारला, तेव्हा ती उभी राहिली. १८२४च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या किल्ल्यापुढं कलेक्टर थॅकरे मारला गेला. आपण तिला राणी म्हणून ओळखतो, पण माहेर-सासर दोन्हीकडून ती देसायांचीच. दुसरं नाव सिरसंगीच्या लिंगराज देसायांचं. १९०६ साली ते गेले, ते आपली मिळकत मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून. बेळगावचं लिंगराज कॉलेज त्यांच्याच नावाचं. तिथं शिकलेली मराठी माणसं शहरात घरोघर सापडतील, पण हे लिंगराज कोण, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असतं. ते ठाऊक असायला हवं.

लिहिणाऱ्या देसायांतही हीच सरमिसळ. कमल देसाई हुक्केरी तालुक्यातल्या यमकनमर्डीत जन्मल्या आणि मराठीत लिहीत राहिल्या. रणजित देसाई कोवाडचे. आज कोवाड कोल्हापूर जिल्ह्यात येतं, पण चंदगड तालुका १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. खानापूरला लागून असलेल्या हल्याळचे शांतिनाथ देसाई मात्र कन्नडमधले मोठे कादंबरीकार. तिघांची जन्मगावं बेळगावच्या आसपासच, नातं काही नाही.

कुडाळकडच्या सोनवड्याचे संगीतकार वसंत देसाई कोकणातले. मोरारजी आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई हे दोघं दक्षिण गुजरातचे, अनाविल ब्राह्मण. मोरारजी वलसाडजवळच्या भदेलीचे. १९५२ ते ५६ ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि बेळगाव तेव्हा त्याच राज्यात होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे नाव मराठी माणसाला कडू झालं, तरी आपल्या गावच्या देसायांचा त्यांच्याशी आडनावापलीकडं संबंध नाही.

गावांच्या नावांतही हा हुद्दा टिकलाय : गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, ज्याच्या रेल्वे स्टेशनाला वडसा म्हणतात, आणि ठाण्याला शिळफाट्याजवळचं देसाई गाव.

मुंबई सरकारनं १९५०च्या कायद्यानं परगणा वतनं आणि कुलकर्णी वतनं बंद केली, तेव्हा आपला जिल्हाही त्यात आला. हुद्दा गेला, आडनाव राहिलं. तेव्हा तुमच्या गल्लीतल्या दोन्ही घरी जाऊन 'तुमची देसगत कुठली?' एवढंच विचारा. मराठीत विचारा की कन्नडमध्ये, थोरली माणसं गावाचं नाव सांगतील.