रापणीत नव्याने येतोयस तर

बाबू, रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढायची मासेमारी. होडी जाळं अर्धगोलात सोडून आली की दोन्ही बाजूंचे दोर आम्ही किनाऱ्यावरून ओढतो. पहिल्या दिवशी ताकद दाखवू नकोस. पुढच्याच्या पावलाशी पाऊल जुळव, हाताला फोड आले तरी. एकीकडची ओढ जास्त झाली की जाळं तिरकं येतं, बांगडा निसटतो.

पण माणसं जुळतात ती वाट्यावर. मासळी वाळूत ओतली की वाटे सगळ्यांसमोर पडतात, आजारी माणसाचाही ठेवतात. तिथे कुरकुर नको. माझे वडील गेले त्या हंगामात आमचा वाटा रोज घरी पोचायचा. आणणाऱ्याने कधी बोलून दाखवलं नाही.

आणि पावसात जाळी सांधायला नक्की बस. मालवणात आमची खरी ओळख तिथेच झाली.