शाळा उघडायच्या आधी काय बघू?

प्रश्न: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या प्राथमिक शाळेची यंदा पहिल्यांदाच हेडबाई झालेय, जूनला शाळा सुरू, तयारी कुठून करू? डिचोलीहून एक वाचक

उत्तर: बाई, आधी छप्पर बघा. मे महिन्यातच माणूस वर चढवून फुटकी कौलं बदलून घ्या, पन्हळीतला पाला काढा, कारण जूनला पाऊस लागला की कोण चढणार? आमच्या शाळेत एकदा हे राहिलं आणि पहिलीतली पोरं बाक सरकवत बसली, हजेरीपटाची शाई पसरली, अजून वाईट वाटतं. मग टाकी घासून घ्या, माध्यान्ह आहारवाल्या बचतगटाच्या बायकांशी बोला. टाइमटेबल मात्र एकटीनं करू नका, शिक्षकांना बसवूनच करा. आणि बसवाल्याचा नंबर पालकांना आधीच द्या.