गेमचा कट्टा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत मुख्यतः दोन विषय आहेत, सध्या लोक खेळतायत काय आणि गेम इतके महाग का झालेत. त्यामुळे बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवलीत, राग मानू नका.

प्रश्न : दादा, मी बारामतीला इंजिनिअरिंगला आहे, लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. महिन्याला फार तर पाचशे रुपये गेमवर घालू शकतो. सगळे सध्या काय खेळतायत आणि त्यातलं माझ्या लॅपटॉपवर काय चालेल?

अरे मित्रा, तुझ्यासारख्यांसाठी खरंतर हा फार चांगला काळ आहे, कारण गेल्या दोन वर्षांत लोक ज्या गेमसाठी वेडे झाले त्यातले बरेचसे स्वस्त आहेत आणि छोट्या टीमनी बनवलेत. सिल्कसाँगच घे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची टीम चेरी म्हणजे मोजून तीन-चार माणसं, ४ सप्टेंबर २०२५ ला गेम आला आणि स्टीम (पीसीचे गेम विकणारं ऑनलाईन दुकान), निन्टेंडो, सोनी, एक्सबॉक्स सगळ्यांची ऑनलाईन दुकानं काही वेळ गळपटली इतकी गर्दी झाली, आणि किंमत होती फक्त २० डॉलर. स्टीमवर आपल्याकडे नोव्हेंबर २०१५ पासून रुपयात किंमत दिसते आणि ती डॉलरचा सरळ गुणाकार नसते, गेम बनवणारा डेव्हलपर ती ठरवतो आणि बरेच छोटे डेव्हलपर आपल्यासाठी अमेरिकेच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात. म्हणजे दोन महिन्यांचं बजेट साठवलंस की झालं. सिल्कसाँग अवघड आहे हं, एकेका बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी, अख्खी संध्याकाळ जाते, पण हाताला सवय झाली की जो आनंद मिळतो तो मला तरी दहापट महागड्या गेममध्येही मिळालेला नाही.

बालाट्रो कुठल्याही लॅपटॉपवर चालतो, मोबाईलवरही आहे. पोकरच्या पत्त्यांवर बेतलेला आहे पण पैसे लावायचे नसतात, एकट्या माणसाने बनवलाय आणि त्याने स्वतःचं खरं नाव अजून सांगितलेलं नाही. पीक म्हणजे चार मित्रांनी मिळून डोंगर चढायचा गेम, जून २०२५ मध्ये ८ डॉलरला आला आणि काही महिन्यांत एक कोटीच्या वर विकला गेला, होस्टेलमध्ये चौघं असाल तर हाच आधी घ्या पण तुझ्या लॅपटॉपवर जरा धापा टाकेल, तेव्हा ट्राय करून बघ आणि नाही चालला तर परत कर. स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात, हे आपल्याकडे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

आणि एक्सपेडिशन ३३ बद्दल तू ऐकलं असशीलच. फ्रान्सच्या माँपेलिएमधली सँडफॉल नावाची साधारण तीसेक जणांची कंपनी, गेम ५० डॉलरचा, आणि डिसेंबर २०२५ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम धरून नऊ बक्षिसं. तो तुझ्या लॅपटॉपवर चालणार नाही, नोकरी लागल्यावर घे, तोपर्यंत सेलमध्ये अर्ध्यावर येईल.

अजून एक, राजी नावाचा गेम नक्की खेळ. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने बनवलेला, २०२० मध्ये आला. गोलू नावाच्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट आहे, देवळं, राजवाडे, भिंतीवरची चित्रं सगळं आपल्याकडचं. लढाई थोडी अडखळते, पण आपल्या शेजारच्या शहरात बसून कुणीतरी हे उभं केलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो आणि सेलमध्ये तो फार स्वस्त मिळतो.

प्रश्न : सोनीचा पीएस५ (टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल) घेतला तेव्हा कल्पना नव्हती की एकेक गेम पाच हजारांना पडेल. आमच्या घराचं महिन्याचं वीजबिल एवढं येत नाही. ही लूट आहे की खरंच खर्च वाढलाय? (ठाणे)

दोन्ही बाजू सांगतो, थोडं लांबेल.

अमेरिकेत २००५-०६ च्या सुमारास, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० कन्सोल आला तेव्हा, मोठ्या गेमची किंमत ५० ची ६० डॉलर झाली आणि मग जवळजवळ पंधरा वर्षं तिथेच थांबली. २०२० मध्ये बास्केटबॉलच्या एनबीए २के२१ ने नव्या कन्सोलसाठी ७० लावले, मागोमाग सगळे गेले. २०२५ मध्ये निन्टेंडोने मारिओ कार्ट वर्ल्डला ८० लावले. महागाई धरली तर २००६ चे ६० डॉलर म्हणजे आजचे ९५ च्या पुढे होतात, त्यामुळे पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपन्या, म्हणतात की गेम उलट स्वस्त झालेत. हा हिशोब चुकीचा नाहीये. खर्चही खरंच वाढलाय, २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीची कागदपत्रं नीट न झाकता जमा झाली आणि त्यातून जगाला कळलं की लास्ट ऑफ अस पार्ट टू या गेमला २२ कोटी डॉलर लागले होते आणि होरायझन फॉरबिडन वेस्टला २१ कोटी २० लाख. शेकडो माणसं पाच-पाच वर्षं पगारावर असतात, पैसा तिथे जातो.

पण हा हिशोब अमेरिकेतल्या पगाराचा आहे, ठाण्यातल्या नाही. २००६ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. म्हणजे तिकडे किंमत अजिबात वाढली नसती तरी आपल्याला ती दुप्पट पडली असती. आपल्याकडे पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डॉलर ७३ च्या आसपास होता, ७० ला ७३ ने गुणा, ५,११० होतात, आणि सोनीच्या मोठ्या गेमची किंमत लागली ४,९९९. आपल्या किमतीत १८ टक्के जीएसटी आत असतो आणि अमेरिकेच्या ७० मध्ये तिकडचा टॅक्स नसतो, ही गोष्ट त्यांच्या बाजूने धरली तरी मोठे पब्लिशर आपल्याला इथल्या उत्पन्नाप्रमाणे किंमत देत नाहीत हे खरंच आहे, आणि माझा राग त्याच्यावर आहे. छोटे डेव्हलपर देतात, मग शेकडो कोटींचा धंदा करणाऱ्यांना का जमत नाही? इथे किंमत निम्मी केली तर घेणारे किती वाढतील याचा विचार कुणी गंभीरपणे करताना दिसत नाही.

शिवाय मशीनचंही तेच. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, पीएस५ आपल्याकडे ४९,९९० ला आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. एक्सबॉक्सच्या गेम पास अल्टिमेटचं, म्हणजे भाडं भरून बरेच गेम खेळायच्या योजनेचं, आपल्याकडचं महिन्याचं भाडं ऑक्टोबर २०२५ मध्ये ८२९ वरून १,३८९ वर गेलं, एका दमात.

मग करायचं काय, तर पहिल्या दिवशी घेऊ नका. एकट्याने खेळायचा गोष्टीचा गेम सहा महिन्यांनीही तोच असतो, उलट तोपर्यंत बग दुरुस्त झालेले असतात आणि किंमत उतरलेली असते. निन्टेंडोचे तेवढे अपवाद, ते वर्षानुवर्षं उतरत नाहीत. आणि लोक थांबले की कंपन्या ऐकतात, मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये आऊटर वर्ल्ड्स २ ला ८० डॉलर जाहीर केले होते, लोक भडकले आणि जुलैमध्ये ते परत ७० वर आले.

प्रश्न : मग डिस्क घेऊ की डिजिटल? डिजिटल घेतला की तो कायमचा आपलाच ना? (नाशिक)

नाही, आपला नसतो. तुम्हाला खेळायचा परवाना मिळतो, कॅलिफोर्नियात तसा कायदा झाल्यावर ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरताना हे स्पष्ट लिहून दाखवतं. युबिसॉफ्टने द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करून संपवला आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना, कारण गेम सतत सर्व्हरशी जोडलेला लागायचा. त्यावरून स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या याचिकेवर दहा लाख सह्या पार झाल्या. आपल्याकडेही असं काही व्हायला पाहिजे असं मला फार वाटतं.

तुमच्याकडे डिस्कवाला पीएस५ असेल तर डिस्कच घ्या. पाच हजारांचा गेम महिन्याभरात संपवून विकला तर बरेचसे पैसे परत येतात, मित्राशी अदलाबदल करता येते, धाकट्या भावाला देता येतो. फक्त विकत घेताना डिस्कवर चरे नाहीत ना बघा आणि दुकानात लावून दाखवायला सांगा. पीसीवाल्यांना मात्र पर्यायच उरलेला नाही, तिथे डिजिटलच.

प्रश्न : नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे, बीजीएमआय (पब्जीचा भारतातला अवतार) खेळतो. त्याने माझ्या फोनवरून यूसी, म्हणजे गेममधले पैसे, विकत घेतले, मला महिन्याच्या शेवटी बँकेचा मेसेज बघून कळलं. नवीन कायद्याने हे गेम बंद होणार होते ना? (कोल्हापूर)

नमस्कार ताई. तो कायदा ऑगस्ट २०२५ चा, आणि तो पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे, रमी, फँटसी टीम वगैरे. बीजीएमआयमध्ये पैसे देऊन कपडे आणि बंदुकीचे रंग मिळतात, जिंकून पैसे मिळत नाहीत, म्हणून तो त्यात येत नाही. याआधी पब्जी सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, बीजीएमआय जुलै २०२२ ते मे २०२३ गायब होता, त्या गोंधळामुळे लोकांना अजून वाटतं की परत बंद झाला.

फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोट मागेल असं करा, आणि यूपीआयचा पिन त्याला माहीत असेल तर आजच बदला. पण ताई, त्याच्याशी बोला, नुसतं ओरडू नका. फुकटचा गेम हा फुकट नसतो, तो हळूहळू पैसे काढायलाच बनवलेला असतो, मोठी माणसंही त्यात अडकतात, नववीतल्या पोराला सगळ्या वर्गाकडे असलेला ड्रेस आपल्याकडे नाही याचं खरंच वाईट वाटत असतं. माझं मत विचाराल तर महिन्याला ठरावीक दोनशे-तीनशे रुपये त्याच्या हातात द्या आणि त्यात काय घ्यायचं ते त्यालाच ठरवू द्या. एकदा पैसे देऊन कायम खेळता येणारा एखादा गेम त्याला दाखवा, तुलना तो स्वतःच करेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, पुण्यातल्या भाच्याला निन्टेंडो स्विच २ कन्सोल आणायचाय. इकडून आणला तर तिकडे चालेल का?

चालेल, गेमला देशाचं कुलूप नाही. फक्त जपानमध्ये मिळणारा स्वस्तातला फक्त-जपानी भाषेचा स्विच २ कुणाकडून मागवू नका, त्यात भाषा बदलता येत नाही. तिकडे तो ४५० डॉलरला आला, पण निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, म्हणजे बिघडला तर इथे कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, हे भाच्याच्या आईबाबांना आधी सांगा. आणि गेम घेताना डब्यावर गेम-की कार्ड लिहिलंय का बघा, त्या कार्डात गेम नसतोच, नुसती चावी असते, सगळा गेम डाऊनलोड करावा लागतो.

प्रश्न : टेलिग्रामवर दोनशे रुपयांत मोठ्या गेमचं ऑफलाईन अकाउंट मिळतं. घेऊ का? (सोलापूर)

नको. ते अकाउंट दुसऱ्याचं असतं, शंभर जणांना विकलेलं असतं, कधीही बंद पडतं आणि बनवणाऱ्याला त्यातला एक रुपया जात नाही. दोनशे रुपयांत सेलमध्ये स्वतःचा गेम येतो, एपिकचं ऑनलाईन दुकान तर दर गुरुवारी गेम फुकट देतं.

प्रश्न : टिळक रोडवर नवीन पीसीचं कोटेशन काढलं, रॅमची किंमत ऐकून परत आलो. थांबू का?

२०२५ च्या शेवटापासून रॅम भयंकर महागलीये कारण एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचललाय, डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. तुमचा जुना पीसी चालत असेल तर थांबा, आणि अडलंच असेल तर आत्ता १६ जीबीची एकच पट्टी टाका, दुसरी जागा मोकळी राहू दे.

प्रश्न : जीटीए ६ साठी आत्तापासून पैसे साठवतोय, बरोबर करतोय ना? (लातूर)

साठव. तो बनवणाऱ्या रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ तारीख दिलीये, आधी दोनदा पुढे गेलीये हे लक्षात ठेव. आणि तो जाहीर झालाय पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी, पीसीसाठी नाही, त्यामुळे तुझ्याकडे पीसी असेल तर घाईने कन्सोल घेऊ नकोस.